विश्लेषण : आतड्यातले जिवाणू मधुमेह रोखतील का?

औषधाच्या दुकानात ‘पोटाच्या आरोग्या’च्या कॅप्सूल आता गल्ल्याशेजारीच मांडलेल्या दिसतात. शौचाचा नमुना तपासून ‘खास तुमच्यासाठी’ आहार सांगणाऱ्या चाचण्यांच्या जाहिराती मोबाइलवर येतात. वाढलेले वजन आणि रक्तातली साखर, दोन्हींचे खापर आतड्यातल्या जिवाणूंवर फोडायची ही नवी रीत आहे. त्यामागचे विज्ञान खरे आहे. पण त्याच्या नावावर विकला जाणारा निष्कर्ष अर्धवट आहे.

जिवाणू नेमके करतात काय?

आपण खातो त्यातला चोथा, म्हणजे तंतुमय भाग, आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार होतात. ही आम्ले आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि ‘जीएलपी-१’सारख्या संप्रेरकांना चालना देतात. पोट भरल्याची जाणीव आणि जेवणानंतर इन्सुलिन स्रवणे या दोन्हींत या संप्रेरकाचा वाटा आहे. वजन घटवणारी, सध्या गाजत असलेली सेमाग्लुटाइडसारखी औषधे याच संप्रेरकाची नक्कल करतात. चोथाच मिळाला नाही, तर जिवाणू आतड्याच्या अस्तरावरचा श्लेष्म खाऊ लागतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

उंदरांच्या प्रयोगातून काय कळले?

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने २०१३ मध्ये एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. एक बहीण लठ्ठ आणि दुसरी सडपातळ अशा जुळ्या बहिणींचे जिवाणू त्यांनी जंतुमुक्त उंदरांच्या पोटात सोडले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगावर जास्त चरबी चढली. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात. त्यामुळे ‘सडपातळ’ जिवाणू दुसऱ्या उंदरांत शिरले आणि त्यांची चरबी वाढायची थांबली.

बातम्यांत गाजले ते एवढेच. खरी मेख पुढे आहे. हा फायदा फळे-भाज्या जास्त आणि संपृक्त मेद कमी असलेल्या खाद्यावरच दिसला. खाद्य उलटे केल्यावर ‘चांगले’ जिवाणू तग धरू शकले नाहीत.

माणसांमध्ये हे चालते का?

नेदरलँड्समधील संशोधकांनी सडपातळ दात्यांचे जिवाणू चयापचय बिघडलेल्या पुरुषांना दिले. २०१२ च्या अभ्यासात सहा आठवड्यांनी त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला, पण वजन घटले नाही. नंतरच्या अभ्यासात हा परिणाम १८ आठवड्यांपर्यंत टिकला नाही.

उलट दिशेने मात्र बदल झपाट्याने होतो. आग्नेय आशियातून अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात गेलेल्या हमाँग आणि कारेन समाजांतील स्त्रियांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थलांतरानंतर सहा ते नऊ महिन्यांतच त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता घटू लागली होती. तंतुमय अन्न पचवणारे जिवाणू कमी झाले आणि पुढच्या पिढीत घट आणखी वाढली. आहारातला बदल हे त्याचे एक कारण होते, एकमेव नव्हे. गाव आणि परिसर बदलला की पोटही बदलते.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

आपल्याकडे तर वजनाचा काटाही पुरते सांगत नाही. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. उंची-वजनाच्या प्रमाणात दोघे सारखेच, बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून माता-बालकांचा अभ्यास केला. तिथली बाळे ब्रिटिश बाळांहून हलकी होती, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे धोक्याची सुरुवात आईच्या पोटातच होते.

आयसीएमआर-इंडिआब पाहणीच्या २०२३ मधील अहवालानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीच्या २०२५ मधील निष्कर्षांनुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. त्यात पांढरा भात, दळलेली धान्ये आणि साखर यांचा मोठा वाटा आहे.

मग करायचे काय?

कॅप्सूल घेण्याआधी आपल्या ताटाकडे पाहावे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, हरभऱ्याची उसळ, पालेभाजी, जवसाची चटणी हे जिवाणूंचे खाद्य आहे आणि ते दररोज लागते. भात-पोळी थोडी कमी करून डाळ-उसळ वाढवणे बहुतेकांना जमण्यासारखे आहे. मधुमेहाची औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत.

पण सगळा भार व्यक्तीच्या मनोनिग्रहावर टाकणे अन्यायाचे आहे. रेशनवर प्रामुख्याने गहू-तांदूळ मिळत असतील, पाच रुपयांत चिप्सचे पाकीट मिळत असेल आणि त्याच पैशांत फळ मिळत नसेल, तर ‘नीट खा’ हा सल्ला कोणाच्या कामाचा? रेशनवर आणि शालेय पोषण आहारात भरडधान्ये-कडधान्ये नियमित हवीत. पाकिटाच्या दर्शनी भागावर साखर, मीठ आणि मेदाचा ठळक इशारा हवा. मुलींचे पोषण लग्न किंवा गरोदरपण येण्याआधीपासून सुधारायला हवे. आतड्यातल्या जिवाणूंवरचे संशोधन सरकारसमोर ठेवायचे असेल, तर याच मागण्यांसाठी ठेवावे.