हिरवा आला कोठून?

उज्जैनजवळ क्षिप्रेकाठी भेरूगढ येथे बाटिकचे कारागीर कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढून ते आधी फिक्या, मग गडद रंगात बुडवितात. मेणाखाली रंग शिरत नाही.

हाच प्रयोग लहानग्यांस घरी करता येतो. मेण तापविण्याचे मात्र कारण नाही. कागदावर मेणबत्तीच्या तुकड्याने फूल काढून वरून पिवळा जलरंग फिरवावा. तो वाळल्यावर तशीच पाने काढून निळा फिरवावा. फूल पांढरे, पाने पिवळी (मुलांस नवल वाटेल, वाटू द्यावे) आणि बाकी सारे हिरवे! पिवळा रंग प्रकाशातील निळा अंश शोषतो, निळा तांबडा शोषतो. हिरवा तेवढा उरतो.

हे उत्तर, पालकहो, आपण आधी सांगू नये अशी आमची विनंती आहे. मुलाने विचारलेच, तर दुसरा कागद द्यावा व निळा आधी घेऊ द्यावा.