आधी बांध, मग जोण

आमच्या इमारतीच्या मागे सहा गॅरेजांची एक ओळ आहे. सहांवर मिळून एकच स्लॅब. गेली चार वर्षे तो गळतो आहे, आणि गळतो तिसऱ्या गॅरेजात. माझे गॅरेज पाचवे आणि कोरडे ठणठणीत. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर स्वार्थापोटी लिहितो म्हणणारे आहेतच!

दरवर्षी सभेत विषय निघतो आणि दरवर्षी तेच उत्तर मिळते: ज्याच्या गाडीवर पाणी पडते त्याने बघावे, म्हाका कितें पडलां? पहिली दोन वर्षे मीही गप्प बसून होतो. सरकारी नोकरीत आपल्या टेबलावर नसलेल्या फाईलकडे न बघण्याची सवय लागते, ती घरीही सुटत नाही.

मी कला शाखेचा पदवीधर. पण एवढे कळायला इंजिनियर व्हावे लागत नाही. पाणी जिथे स्लॅबमध्ये शिरते तिथेच टपकते असे नाही. भेगेतून उतरते, आतून सरकते आणि वाट मिळेल तिथे बाहेर पडते. आमच्या स्लॅबचे पाणी जायचा पाइप पाचव्या गॅरेजच्या बाजूला, आणि तो आंब्याच्या पाल्याने तुंबलेला. म्हणजे पाणी साचते माझ्या डोक्यावर आणि गळते शेजाऱ्याच्या बोनेटवर. मग बिल एकट्या शेजाऱ्याने का भरावे?

त्या बिचाऱ्याने दोनदा खालून सिमेंट थापून घेतले. त्याने पाणी थांबत नाही, आतच राहते. सळ्या गंजतात, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. गेल्या पावसात एक पोपडा पडलाच. गाडी बाहेर होती म्हणून निभावले.

आणि हे चालले आहे कुठे, तर गोव्यात! भाषणांत आपण गावकरीचे गोडवे गातो. खाजन शेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली असते. बांध एका ठिकाणी फुटला की खारे पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरते. म्हणून बांध सगळ्यांचा. उत्पन्नातून गावचा खर्च आधी वजा व्हायचा, मग उरलेल्यातून गावकारांना जोण मिळायची. ती व्यवस्था काही रामराज्य नव्हती, बहुतेक बायकांना आणि गावकार नसलेल्या बहुतेकांना त्यात वाटा नव्हता. पण फुटलेल्या बांधामागे कोणाचे शेत, यावर दुरुस्ती अडवून चालत नाही, हे तिला कळत होते. आम्हा शिकलेल्यांना सहा गॅरेजांचा हिशेब जमत नाही?

म्हणून येत्या सभेत मी लेखी ठराव देणार आहे. पाइप लगेच साफ करायचा. पावसाआधी कोरड्या दिवसांत वरून भेगा भरून, उतार नीट करून वॉटरप्रूफिंग करायचे. मग स्लॅबवर दोन दिवस पाणी साठवून तपासायचे आणि त्यानंतरच कंत्राटदाराचे शेवटचे पैसे द्यायचे. खर्चाचे सहा सारखे वाटे. ज्यांची गॅरेजे बंद आहेत आणि मालक इंग्लंडला आहेत, त्यांचाही वाटा धरून.

माझ्या वाट्याचा चेक मी ठरावालाच जोडणार आहे. विरोध करायचा असेल त्याने खुशाल करावा, पण एकदा तिसऱ्या गॅरेजात उभे राहून, वर बघून करावा.