वॉरहॅमर ४०,००० : चर्चा जगभर, पण बुलढाण्यात बसून हा खेळ सुरू करता येतो का?

इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर गेल्या दोन वर्षांत एक वेगळाच प्रकार दिसू लागला आहे. कोणीतरी भिंग लावून अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या सैनिकाचे डोळे रंगवतंय, कोणी टेपने टेबलावर इंच मोजतंय, कोणी मूठभर फासे फेकतंय. खाली प्रतिक्रियांमध्ये एकच प्रश्न असतो : हे काय आहे आणि सुरुवात कुठून करायची?

उत्तर शोधायला गेलं की बहुतेक व्हिडिओ 'हा डबा घ्या' असं सांगून मोकळे होतात. ते व्हिडिओ लंडन किंवा टेक्ससमध्ये बसून केलेले असतात. मेहकर, खामगाव किंवा लोणारच्या मुलाने तोच सल्ला ऐकला तर पहिल्याच पायरीवर खिसा रिकामा होतो आणि हातात डबा आला तरी समोर खेळायला कोणी नसतं.

आताच एवढी चर्चा का?

'वॉरहॅमर ४०,०००' हा खेळ नवा नाही. ब्रिटनच्या नॉटिंगहॅम शहरातल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने तो १९८७ साली बाजारात आणला. रिक प्रीस्टली हे त्याचे मूळ रचनाकार. चाळीस हजार वर्षांनंतरचं विश्व, त्यात माणसांचं एक प्रचंड आणि क्रूर साम्राज्य आणि चारही बाजूंनी परग्रहवासी व राक्षसी शक्ती, अशी त्याची कथा.

सप्टेंबर २०२४ मध्ये 'स्पेस मरीन २' हा व्हिडिओ गेम आला आणि टेबलाशी संबंध नसलेल्या लाखो लोकांना हे विश्व माहीत झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चित्रपट आणि मालिकांसाठी अॅमेझॉनशी करार पक्का झाला. अभिनेता हेन्री कॅव्हिल स्वतः या खेळाचा जुना चाहता असून तो या प्रकल्पात आहे. त्याच महिन्यात गेम्स वर्कशॉप लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात दाखल झाली. जून २०२५ च्या सुरुवातीला संपलेल्या आर्थिक वर्षात तिची उलाढाल ६० कोटी पौंडांच्या वर गेली. प्लास्टिकचे सैनिक विकून!

या साम्राज्याबद्दल एक खुलासा आवश्यक आहे, कारण मीम्समधून त्याचं सरळसरळ कौतुक फिरतं. ते साम्राज्य आदर्श म्हणून लिहिलेलं नाही, तो हुकूमशाहीवरचा उपहास आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीला हे जाहीरपणे सांगावं लागलं आणि द्वेषाची चिन्हं घालून येणाऱ्यांना आपल्या स्पर्धांमध्ये जागा नाही, असंही बजावावं लागलं.

खेळतात कसं?

बुद्धिबळासारखे चौकोन इथे नाहीत. प्रत्येक सैनिक किती इंच चालू शकतो हे ठरलेलं असतं आणि ते टेपने मोजायचं. मग नेम लागला का, जखम झाली का, चिलखताने वाचवलं का, हे सहा बाजूंच्या साध्या फाशांवर ठरतं.

दहाव्या आवृत्तीतलं एक उदाहरण घेऊ. साम्राज्याचे पाच स्पेस मरीन समोरच्या ऑर्क टोळीवर बंदुका चालवतात. प्रत्येकाचे दोन फासे, म्हणजे एकूण दहा. तीन किंवा जास्त पडलं तर नेम लागला. सरासरी सहा-सात लागतात. ऑर्क दणकट असतो, त्यामुळे त्याला जखम व्हायला पाच किंवा सहा पडावं लागतं, उरतात दोन-सव्वादोन. शेवटी ऑर्कवाला त्याच्या फाटक्या चिलखताचे फासे टाकतो, त्याला सहाच हवा. हिशेब केला तर दहा गोळ्यांत सरासरी दोन ऑर्कही पडत नाहीत. गोळीबाराच्या भरवशावर नवखा खेळाडू हरतो तो याच गणितामुळे.

शिवाय जिंकण्यासाठी शत्रू मारणं पुरेसं नाही. टेबलावरच्या ठरावीक जागा ताब्यात ठेवल्याचे गुण मिळतात, खेळ पाच फेऱ्यांत संपतो. निम्मं सैन्य गमावूनही माणूस जिंकू शकतो.

नियम लावून युद्ध खेळण्याची पद्धत प्रशियाच्या लष्करात १८२४ पासून होती. तिला घरात आणणाऱ्यांत मोठं नाव आहे विज्ञानकथांचे लेखक एच. जी. वेल्स यांचं. त्यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले. मराठी घरांना यातलं निम्मं काम तसं ओळखीचंच आहे. दिवाळीत किल्ला बांधायचा, बुरुजावर मावळे मांडायचे, तोफ कुठे ठेवायची यावरून भांडायचं. फक्त फासे नसतात.

खर्च नेमका किती?

नवख्यासाठी कंपनीचा 'कॉम्बॅट पेट्रोल' नावाचा डबा असतो. त्यात एक छोटं, खेळण्याजोगं सैन्य सुट्या भागांत मिळतं. ब्रिटनमध्ये त्याची किंमत साधारण शंभर पौंड. पौंड ११५ रुपयांच्या आसपास धरला तर साडेअकरा हजार रुपये. बुलढाण्याच्या भाषेत सांगायचं तर २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे एका डब्याला दोन क्विंटल सोयाबीन पुरत नाही, तेही हमीभाव हातात पडला तर. आणि हे एका बाजूचं सैन्य झालं. स्पर्धांमध्ये चालणारं २,००० गुणांचं सैन्य उभं करायला असे कित्येक डबे लागतात. रंग, ब्रश, गोंद वेगळे.

त्यात भारताचं सीमाशुल्क. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. रोख होता स्वस्त चिनी खेळण्यांवर. पण छंदासाठीची छोटी मॉडेल्स शुल्काच्या तक्त्यात खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात, त्यामुळे नॉटिंगहॅमचा डबाही त्याच जाळ्यात सापडू शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून खेळण्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हा थोडा दिलासा. परदेशातून पार्सल मागवणाऱ्याने मात्र 'शुल्क, कर, कुरिअर धरून दारात किती?' हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

अजून एक खाचखळगा आहे. खेळाची आवृत्ती दर तीन वर्षांनी बदलते : २०१७, २०२०, २०२३. या क्रमाने पुढची पाळी २०२६ ची. आवृत्ती बदलली की सैनिक चालतात, पण नियमांची महागडी पुस्तकं रद्दीत जातात. नवख्याने पुस्तक विकत घेणं हा यातला सर्वांत वाईट व्यवहार. तसंही दहाव्या आवृत्तीचे मूळ नियम आणि कॉम्बॅट पेट्रोलचे नियम कंपनीने इंटरनेटवर फुकट दिले.

डबा न घेता सुरू करता येतं?

येतं, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी तेच शहाणपणाचं आहे. खेळ आवडतो की नुसती चित्रं आवडतात, हे कळायला बारा हजार रुपये घालवायची गरज नाही.

सैनिक म्हणून जाड कागदावर छापलेली चित्रं चालतात. उभी राहायला तळ हवा, तर कॅरमच्या सोंगट्या घ्याव्यात. स्पेस मरीन आणि ऑर्क दोघांचेही अधिकृत तळ ३२ मिलिमीटर व्यासाचे असतात आणि कॅरमची सोंगटी जवळपास तेवढीच भरते. एका संचात १९ सोंगट्या, म्हणजे एका बाजूची टोळी तयार. फासे लुडो-सापशिडीचे, टेप शिंप्याचा. कॉम्बॅट पेट्रोलला ४४ बाय ३० इंच जागा लागते. दोन कॅरमबोर्ड शेजारी ठेवून वर पुठ्ठा अंथरला की ती होते.

नियमही कंपनीचेच हवेत असं नाही. 'वनपेजरूल्स' या गटाचा 'ग्रिमडार्क फ्यूचर' हा खेळ फुकट उतरवून घेता येतो, मूळ नियम मोजक्या पानांत संपतात आणि कोणाचेही सैनिक चालतात. त्यात दोन्ही खेळाडू आळीपाळीने एकेक तुकडी हलवतात. वॉरहॅमरमध्ये एकाची पूर्ण पाळी संपेपर्यंत दुसऱ्याला बरीच वाट पाहावी लागते. शिकणाऱ्यासाठी आळीपाळीचा प्रकार अधिक बरा, असं म्हणायला जागा आहे.

थ्रीडी प्रिंटर हा तिसरा मार्ग. स्वतंत्र कलाकारांनी बनवलेल्या सैनिकांच्या फायली विकत मिळतात आणि ऑर्डरवर छापून देणारे विक्रेतेही आहेत. मात्र गेम्स वर्कशॉपच्या सैनिकाची हुबेहूब नक्कल छापून विकणं म्हणजे कॉपीराइटचा भंग, आणि कंपनीच्या स्वतःच्या स्पर्धांत छापील सैनिक चालत नाहीत. घरी रेझिनचा प्रिंटर घेणाऱ्यांनी हातमोजे आणि खेळती हवा यात कंजूषी करू नये. ओलं रेझिन त्वचेला अपाय करतं.

रंगाचं म्हणाल तर स्टेशनरीच्या दुकानातले फेव्हिक्रिलचे अॅक्रिलिक रंग पाणी घालून पातळ करून सुरुवातीला पुरतात. तळावर फेव्हिकॉल लावून बारीक वाळू भुरभुरायची. अडचण हवेची आहे. एप्रिल-मे मध्ये रंग ब्रशवरच वाळतो, तेव्हा डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग काढावा. पावसाळी दमट दिवशी स्प्रेचा अस्तर रंग मारला तर त्यावर पांढुरकी खर धरते.

मैदान कुठून आणायचं? 

इथे बुलढाण्याचं पारडं जड आहे. विज्ञानकथेच्या खेळाला परग्रहासारखी भूमी लागते, कंपन्या त्यासाठी प्लास्टिकची विवरं विकतात. लोणारला उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं खरं विवर आहे. चंद्र आणि मंगळावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करतात. जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं होतं. खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे त्याचं कारण निघालं. वर लवणासुराची कथा आहेच. एवढा मसाला नॉटिंगहॅमच्या लेखकांनाही आयता मिळालेला नाही.

अख्खं विवर टेबलावर मात्र मावत नाही. या खेळातला सैनिक साधारण साठपट लहान असतो. त्या मापाने लोणारचं विवर तीस मीटर रुंद आणि माणसापेक्षा उंच होईल. ४४ इंचांच्या टेबलावर प्रत्यक्षातली जेमतेम ६७ मीटर जागा येते. म्हणून काठाचा एक तुकडाच घ्यावा : एका बाजूला क्षारांनी पांढरी पडलेली किनारपट्टी आणि गुलाबी पाणी, मध्ये वेड्या बाभळीचं रान, पलीकडे पडक्या देवळाचे खांब. रान आणि खांब यांच्यामागे लपता येतं, उघड्या किनाऱ्यावर मरण. खेळासाठी नेमकी हीच विषमता लागते, कारण सपाट टेबलावर लांब पल्ल्याची बंदूक असलेला पहिल्या दोन फेऱ्यांतच जिंकतो.

हे सगळं पुठ्ठा, वर्तमानपत्राचा लगदा आणि काळ्या मातीत होतं. विवराचा परिसर अभयारण्य आहे, रामसर यादीतही आहे. तिथला दगड उचलून आणू नये. बेसॉल्ट जिल्ह्यात कुठेही मिळतो.

प्रतिस्पर्धी कोण?

खरा तुटवडा इथे आहे. पैशांवर उपाय निघतो, समोर बसणाऱ्या माणसावर निघत नाही. त्यात जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा विभागलेला. मलकापूर, नांदुरा, शेगाव रेल्वेच्या मार्गावर, तर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा घाटावर, एसटीच्या भरवशावर. तीन तासांच्या खेळासाठी सैनिकांचा डबा सांभाळत घाट चढणारा दुसरा खेळाडू सापडेल, ही आशा धरून सैन्य विकत घेऊ नये.

मोठ्या शहरात माणूस एक सैन्य घेतो आणि क्लबात जातो. लहान गावात एकानेच दोन्ही बाजू तयार कराव्या लागतात, पाच मरीन इकडे आणि दहा ऑर्क तिकडे, म्हणजे मित्राला फक्त येऊन बसायचं असतं. कागदी सैनिकांचा मार्ग इथे दुहेरी उपयोगाचा ठरतो, कारण दुसरं सैन्य छापायला पाच-दहा रुपयांचे कागद लागतात. वसतिगृह असलेली महाविद्यालयं ही त्यातल्या त्यात चांगली जागा, चार रिकामी डोकी आणि एक कॅरमबोर्ड तिथे असतोच. कोणीच मिळालं नाही तर संगणकावर 'टेबलटॉप सिम्युलेटर' आहे. त्यात पुण्यातला किंवा पोलंडमधला प्रतिस्पर्धी मिळतो आणि एकही सैनिक रंगवावा लागत नाही. अर्थात ज्याला रील पाहून रंगवण्याचीच ओढ लागली आहे, त्याने प्रतिस्पर्ध्याची वाट न पाहता एकच सुटा सैनिक मागवून बसावं. या छंदात कित्येक जण वर्षानुवर्षं नुसते रंगवतात, फासा हातात धरत नाहीत.