उजेडाची मात्रा

उन्हाळ्याच्या सुटीत न्यू जर्सीला धाकट्या भावाकडे गेलो होतो. त्याच्याकडे खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत जिवंत प्रवाळ आहेत. जुन्या ट्यूबा काढून त्याने एलईडी दिवा आणला, तोही निळसर! मी नाक मुरडले.

“दादा, प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. उजेडावर ते अन्न करते नि यजमानाला वाढते. दिवा निवडताना आवड त्याची पाहायची, दिवाणखान्याची नव्हे.”

“मग लाव की पुरता!” मी म्हणालो.

आठवड्यात प्रवाळ पांढरे पडले. अति उजेडाने शैवालच निघून गेले होते. भावाने दिवा मंद केला, मग हळूहळू चढवला. दोनच वाचले.

पहिल्याच तासाला सारे ज्ञान ओतणारा मी मास्तर ओशाळलो. वाचकहो, उजेड जरूर द्यावा. पण सोसेल तेवढाच!