चाकू द्या, पण विचार करून!

सेंड-ऑफ जवळ आला की ग्रुपवर एकच प्रश्न, गिफ्ट काय द्यायचं? यंदा आम्ही किनवटकरांनी ठरवलं, रानावनात भटकणाऱ्या मित्राला चाकू द्यायचा. ऑनलाइन पाहिलं तर सगळे पिक्चरमधले! काळं पातं, पाठीवर करवतीचे दाते. अरे, पण दोरी कापायला, काठी तासायला, कांदा चिरायला तीन-चार इंचांचं साधं पातं पुरतं.

बघायचं ते वेगळंच. पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं हवं, नाहीतर जोर लावला की मूठ निखळते. स्टेनलेस सहसा गंजत नाही. कार्बन स्टीलला धार पटकन लागते, पण ते पुसून, तेल लावून ठेवावं लागतं. आपला लोहार ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यातून घडवतो, तो असाच. माझं मत त्यालाच.

आता महत्त्वाचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात चाकूसुद्धा 'शस्त्र' आहे. परवानगीशिवाय तो अभयारण्यात नेता येत नाही. म्हणजे पैनगंगा अभयारण्यात जाताना चाकू घरीच! शिवाय घरकामाचं किंवा शेतीचं अवजार नसेल आणि पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल, तर परवाना लागतो.

भरतीच्या फॉर्मवर 'गुन्हा दाखल आहे का?' असा रकाना असतो. डिग्री मिळवलेल्या दोस्ताला आपल्या गिफ्टपायी तिथं 'हो' लिहावं लागलं, तर ती कसली भेट?

आजी म्हणते, धारेची वस्तू हातात देऊ नये, भांडण होतं. आम्ही टेबलावर ठेवू. नियम मात्र तोंडानं सांगू.