कोंडलेल्या जीवाची भूक

शारजाहून एका भगिनीने विचारले आहे: "मुलाने हट्ट धरला म्हणून वर्षभरापूर्वी लेपर्ड गेको घेतला. तेव्हा शेपटी छान जाड होती. आता ती पेन्सिलीसारखी झाली आहे. वजन 38 ग्रॅम भरते. रोज किडे टाकतो, पण तो एखाद-दुसरा खातो आणि बाकीचे तसेच राहतात. सासूबाई म्हणतात, पालच ती, सोडून द्या. मुलगा मात्र रडतो. काय करावे?"

सासूबाईंचे म्हणणे आम्ही समजू शकतो. आपल्या घरांत पाल दिसली की झाडू हाती येतो. पालीविषयीच्या हदीस बऱ्याच जणांना ठाऊक असतात. पाळलेल्या प्राण्याला त्या लागू होतात का, हा सवाल आलिमांना विचारण्याचा आहे आणि तो त्यांनाच विचारावा. आमच्यासमोरचा सवाल त्याहून साधा आहे. जीव घरात कोंडून ठेवला, तर त्याच्या भुकेची जबाबदारी कुणाची? मांजरीला बांधून ठेवणाऱ्या बाईची हकीकत सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिने मांजरीला स्वतः खायला दिले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला मोकळेही सोडले नाही. काचेच्या पेटीतला गेकोही असाच आपल्या हाती आहे. त्याला बाहेर सोडून देणे हा मार्गच नाही. पेटीत वाढलेला जीव शारजाच्या रस्त्यावर दोन दिवसही काढणार नाही.

आधी हा प्राणी समजून घेऊ. भिंतीवर चढणारी आपली घरपाल आणि हा गेको लांबचे नातेवाईक आहेत. याला पापण्या असतात, बोटांना चिकट गाद्या नसतात, त्यामुळे काचेवर तो चढू शकत नाही. याचे मूळ घर अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातला खडकाळ, कोरडा मुलूख. याचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत. सातपुड्यातली एक जात शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये नव्याने नोंदवली. खेड्यांत लोक त्यांना जहरी समजून मारतात, पण गेकोंपैकी कुणालाच विष नसते. (म्हणून सुट्टीत गावी आल्यावर रानातला पकडून आणू नये. रानातल्या जीवाला पेटी मानवत नाही आणि वन्यजीव कायदाही आडवा येतो.) नीट सांभाळला तर हा प्राणी पंधरा-वीस वर्षे जगतो. म्हणजे पाचवीतला मुलगा नोकरीला लागेपर्यंतची ही सोबत आहे.

याची शेपटी म्हणजे कोठार. चरबी तिथे साठते. निरोगी मोठ्या गेकोची शेपटी मानेइतकी जाड असते. मोठ्या गेकोचे वजन साधारण 50 ते 80 ग्रॅमच्या दरम्यान असते, लहान चणीची मादी थोडी कमीही भरते. शेपटी बारीक, कमरेची हाडे वर आलेली आणि पोट आत गेलेले असेल, तर तो खरोखर खंगला आहे.

आता मुख्य गोष्ट. भगिनी किडे रोज टाकतात, तरी तो खात नाही. अशा वेळी आपण अन्नाचा विचार करतो, पण पहिला विचार उबेचा करावा. आपल्या शरीराची भट्टी आतून पेटलेली असते. सरपटणाऱ्या प्राण्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते. पोट तापले नाही तर अन्न पचत नाही, ते पोटात तसेच पडून राहते आणि पुढे भूकच मरते. आखातात बाहेर 45 अंश असले तरी घरात एसी रात्रंदिवस 21-22 वर चालतो. आपल्याला तो गारवा सुखाचा वाटतो, पण गेकोसाठी तो बारमाही हिवाळा ठरतो.

पेटीची एक बाजू गरम आणि दुसरी थंड हवी. गरम बाजूला, जिथे तो पोट टेकतो त्या जागी, 32 ते 34 अंश. थंड बाजूला 24 ते 26. रात्री थोडे उतरले तरी चालते. दोन्ही बाजूंना लपायला एकेक खोपटे ठेवावे आणि एक ओलसर खोपटेही असावे, म्हणजे कात नीट निघते. गरम करण्यासाठी पेटीखालची हीटमॅट किंवा वरचा दिवा, काहीही चालेल, पण त्याला थर्मोस्टॅट हवाच. नाहीतर पोट भाजते. विजेवर तापणारे दगड दुकानात मिळतात, ते घेऊ नयेत. हाताने चाचपून तापमान कळत नाही. तारेच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर गरम जागेवर ठेवून पाहावा. खाली सुटी वाळू असेल तर काढावी. किड्याबरोबर ती पोटात जाते आणि आतडे तुंबते. साधा पेपर टॉवेल पुरे, त्यावर विष्ठाही स्पष्ट दिसते.

ऊब नीट करून चार-पाच दिवस त्याला हाताळू नये. मग अन्नाकडे वळावे. हा फक्त किडे खातो. भात, अंडे, फळ, भाजी त्याच्या कामाची नाही. रातकिडे, मीलवर्म, दुबिया झुरळे हे त्याचे रोजचे जेवण. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसावा. आणि किड्याचे पोट रिकामे असेल, तर गेकोच्या पोटात नुसते टरफल जाते. म्हणून खाऊ घालण्याआधी एक-दोन दिवस किड्यांना गाजर, पालेभाजी, धान्याचा भरडा द्यावा आणि वरून कॅल्शियमची पूड लावावी. कॅल्शियम कमी पडले की हाडे मऊ होतात, जबडा दुबळा होतो आणि खायची इच्छा असूनही चावता येत नाही.

हा संधिप्रकाशातला प्राणी आहे. मगरिबच्या सुमारास तो जागा होतो, तेव्हाच त्याला वाढावे. निरोगी मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. खंगलेल्याला एक दिवसाआड, पण थोडे थोडे द्यावे. सुरुवातीला दोन-तीन किडे, ते पचल्याचे विष्ठेवरून दिसले की मग वाढवावे. उपाशी पोटावर एकदम भार टाकला तर तो उलटून टाकतो. वॅक्सवर्म म्हणजे त्याची मिठाई. आठवड्याला एक-दोन ठीक, रोज दिले तर इतर किड्यांना तो तोंडही लावत नाही. न खाल्लेले रातकिडे रात्री पेटीत ठेवू नयेत, झोपलेल्या अशक्त गेकोला ते चावतात. बाहेरून पकडलेले किडेही नकोत, त्यांच्यावर फवारणीचे औषध असू शकते. आणि जबरदस्तीने तोंड उघडून भरवू नये. ते काम डॉक्टरांचे.

मुलाला एक वही द्यावी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, खाऊ घालण्याआधी, डब्यात ठेवून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करावे. तारीख, ग्रॅम, किती किडे खाल्ले, विष्ठा कशी होती, एवढेच लिहावे. महिन्याला दोन-चार ग्रॅम वाढले तरी समाधान मानावे. घाईने फुगवलेला गेकोही आजारीच पडतो. थंडीत किंवा विणीच्या दिवसांत मोठा गेको काही आठवडे कमी खातो. तेव्हा वजन टिकून असेल तर घाबरू नये. खाणे थांबले आणि वजनही घसरते आहे, हे मात्र वहीच सांगेल.

ऊब आणि अन्न सुधारून दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला नाही, किंवा विष्ठा पातळ आहे, तिच्यात न पचलेले किडे दिसतात, उलटी होते, तर थांबू नये. सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्याकडे जावे आणि ताजी विष्ठा डबीत घालून सोबत न्यावी. जंत किंवा कॉक्सिडिया असतील तर औषध आहे, पण मात्रा वजनावर ठरते, म्हणून जंताचे औषध मनाने देऊ नये. क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या जंतूवर खात्रीचा इलाज नाही आणि तो एकाचा दुसऱ्याला लागतो. एका पेटीत दोघे असतील तर आजच वेगळे करावेत. तसेही दोघांत एक दांडगा निघतो आणि दुसरा उपाशी राहतो.

उन्हाळी सुट्टीत आपली कुटुंबे महिना-दोन महिने कोकणात येतात आणि गेको शेजाऱ्याकडे राहतो. शेजाऱ्याला "किडे टाकत जा" एवढेच सांगून निघू नये. तापमानाचे आकडे, खाण्याचे दिवस, पशुवैद्याचा नंबर कागदावर लिहून पेटीवर चिकटवावा. थर्मोस्टॅटचा प्लग कुणी बंद करणार नाही, हे पाहावे.

आणि घरातल्या सर्वांसाठी एक सूचना. गेकोला किंवा पेटीला हात लावल्यावर दर वेळी साबणाने हात धुवावेत. निरोगी दिसणाऱ्या गेकोच्या अंगावरही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. पेटीची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नयेत आणि वजनाचा डबा फक्त त्याच कामाला वेगळा ठेवावा. सासूबाईंची तक्रार इतक्या तरी कमी होईल.