औषध जातं कुठे?

मुलांनो, आज आधी माझीच एक चूक सांगते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या धरमपेठेत घरोघरी तापाचे पेशंट होते. आमचा सात वर्षांचा चिरंजीवही तापला. मी सकाळची शाळा आटोपून साडेबाराला घरी आले, त्याच्या कपाळाला हात लावला तर चटकाच बसला. फ्रिजवरची बाटली काढली आणि एक माप औषध पाजलं. तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, मी अकरालाच दिलं आहे त्याला, माझ्या डब्यातलं."

"ते वेगळं असेल हो, आई," मी म्हटलं. नाव खरंच वेगळं होतं. रंगही वेगळा. पण दोन्ही बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचली आणि माझ्या पोटात धस्स झालं. दोन्हींत औषध एकच होतं, पॅरासिटामॉल!

लगेच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मुलाचं वजन विचारलं, बाटल्यांवरचे आकडे वाचून घेतले, हिशेब केला आणि म्हणाले, "एवढ्यानं काही होणार नाही. पण आता रात्रीपर्यंत पुन्हा देऊ नका. आणि यापुढे देण्याआधी वाचत जा." रोज तुम्हाला 'वाचा, वाचा' म्हणणाऱ्या बाईंनाच हे ऐकावं लागलं, बघा!

दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली, तर एक हात वर आला. "बाई, मग ते औषध गेलं कुठे? पोटातच राहते का?"

किती छान प्रश्न! चला, त्या औषधाच्या मागे मागे जाऊ.

औषध पोटातून लहान आतड्यात जातं आणि तिथून रक्तात उतरतं. आतड्यातलं हे रक्त आधी यकृतात जातं. यकृत म्हणजे लिव्हर. आपल्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली ते असतं. मोठ्या माणसाच्या यकृताचं वजन साधारण दीड किलो भरतं. यकृतातून पुढे निघालेलं औषध रक्तातून सगळीकडे फिरतं. मेंदूत पोचलं की ताप उतरू लागतो, डोकं दुखायचं थांबतं. पण रक्त गोल गोल फिरत असतं ना? ते पुन्हा पुन्हा यकृतात येतं, आणि दर फेरीत यकृत थोडं थोडं औषध पकडतं.

पकडून काय करतं? शाळा सुटल्यावर पहिलीतल्या मुलाला आपण एकट्याला सोडत नाही, मोठ्या ताईचा हात धरून पाठवतो. यकृतही तसंच करतं. औषधाच्या कणाला ते एक सोबती जोडून देतं. एक सोबती साखरेपासून तयार होतो, दुसरा गंधकापासून. हात धरला गेला की औषधाचं काम संपलं! आता ते ताप उतरवू शकत नाही आणि त्रासही देत नाही. शिवाय हे सोबती पाण्यात सहज विरघळणारे. त्यामुळे मूत्रपिंडं त्या जोड्या गाळतात आणि त्या लघवीवाटे बाहेर पडतात. दोन-तीन तासांत रक्तातलं निम्मं औषध असं संपतं. म्हणून तर चार-सहा तासांनी ताप पुन्हा चढू शकतो.

पण थोडंसं औषध या रांगेतून निसटतं आणि त्याचा एक विषारी पदार्थ बनतो. घाबरू नका! त्यालाही आवरायला यकृताजवळ एक पहारेकरी आहे. त्याचं नाव ग्लुटाथायोन.

आता सांगा, फारच जास्त औषध आलं तर? सोबती अपुरे पडतात. जास्त औषध त्या विषारी वाटेनं जातं. पहारेकरीही संपतात, आणि ते विष यकृताच्या पेशींनाच मारतं. वाईट गोष्ट अशी की पहिल्या दिवशी मूल बरं दिसू शकतं. खरा त्रास दोन-तीन दिवसांनी कळतो. म्हणून जास्त औषध गेल्याची नुसती शंका आली तरी, त्रास होण्याची वाट न बघता दवाखाना गाठायचा. यावर उतारा आहे. तो नवे पहारेकरी तयार करायला मदत करतो. पण पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला.

प्रत्येक प्राण्याला ही सोय नसते बरं का! मांजरीच्या यकृताला साखरेचा सोबती नीट जोडताच येत नाही. आपली एक गोळी तिचा जीव घेऊ शकते. तेव्हा मनीला कणव येऊनही औषध देऊ नका.

गिधाडांचं तर फार वाईट झालं. डायक्लोफेनॅक नावाचं दुसरं एक वेदनाशामक गाई-बैलांना देत असत. असं जनावर मेलं की गिधाडं ते खायची. त्यांच्या शरीराला ते औषध वेळेत मोडता येत नाही. मूत्रपिंडं बंद पडून ती मरायची. काही जाती तर शंभरातून दोन-तीनसुद्धा उरल्या नाहीत. कारण 2004 मध्ये उघड झालं. 2006 मध्ये आपल्या देशात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. 2024 च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरहून काही गिधाडं आपल्या नागपूरजवळच्या पेंचमध्ये आणि ताडोब्यात आणली गेली, पुन्हा इथलं आभाळ त्यांचं व्हावं म्हणून.

तर या रविवारी आई-बाबांना सोबत घेऊन घरातला औषधांचा डबा उघडा. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो, मेटासिन अशी नावं अनेक, पण आत पॅरासिटामॉलच. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांतही ते असतं. मुलांच्या बाटलीवर आकडाही बघा. एकीवर 5 मिलिमध्ये 120 मिलिग्रॅम, तर दुसरीवर 250! माप तेच, औषध दुपटीहून जास्त. मग एक कागद फ्रिजवर चिकटवा: कोणाला, कोणतं औषध, किती, किती वाजता, कोणी दिलं.

आमच्या फ्रिजवर तो लागला आहे. पहिली ओळ सासूबाईंनी लिहिली.

आणि हो, तुम्ही फक्त वाचायचं. औषध द्यायचं ते मोठ्यांनीच!